मूडचा रकाना

५ जानेवारी, सोमवार
आले बाई एकदाची लोणावळ्याला! टाकवे बुद्रुकहून हे अंतर ते केवढंसं, पण अम्मीने डबे असे बांधून दिलेत की मी जणू दुबईलाच निघालेय. ऑफिस म्हणजे तुंगार्लीतल्या एका बंगल्याचा खालचा मजला. वरची खोली माझी. थंडी मस्त आहे आणि दुपारी गॅलरीत छान ऊन येतं. मालक निलेश सर पुण्यात राहतात, फक्त सोमवारी येतात. बाकीचे दिवस मी आणि झाडलोट-स्वयंपाक करणाऱ्या बयाबाई मावशी. आल्या आल्या त्यांनी विचारलं, पोरी, तुला तिखट चालतं का, आमी लय झणझणीत करतो. म्हटलं, मावशी, तुम्ही करा तर खरं!

काम माझ्या आवडीचं आहे. पुस्तकांच्या वेबसाइटवर वाचक स्टार देतात आणि पुस्तक वाचून काय वाटलं, त्याचा मूड नोंदवतात. ते सगळं गोळा करायचं. हाताने नाही, प्रोग्रामने. मी लिहिलेला प्रोग्राम एकामागून एक पानं उघडणार, आकडे उचलणार आणि तक्त्यात भरणार. कुठलं पुस्तक वाचून लोक रडले आणि कुठल्याला कंटाळले, हे प्रकाशकांना हवं असतं. पुस्तक वाचायची कुणालाच गरज नाही, मला तर नाहीच.

८ जानेवारी, गुरुवार
एका साइटने नाकी नऊ आणले. तिथे दुसऱ्यांचे मूड बघायचे तर आधी आपला द्यावा लागतो. आनंद, शांत, उदास, राग, भीती, कंटाळा असे सहा चेहरे आहेत, त्यातला एक निवडायचा. मग काय, प्रोग्रामलाच सांगितलं, प्रत्येक पुस्तकाला ‘शांत’ दे आणि पुढे चल. एवढा वेळ गेला त्यात, पण जमलं!

दुसरी भानगड म्हणजे एका खात्यावरून दिवसाला तीनशेच पुस्तकं उघडतात. सर फोनवर म्हणाले, घरच्यांच्या नंबरवर खाती काढ, सगळेच काढतात. माझं होतंच, दुसरं धाकट्या बहिणीच्या, महेकच्या नावाने काढलं. ओटीपी सांगताना तिने विचारलं, आपा, परस्पर माझं लग्न तर लावून देत नाहीस ना? गाढव आहे नुसती.

१२ जानेवारी, सोमवार
प्रोग्राम एका पुस्तकावर अडकला. मुखपृष्ठ नाही, नाव नाही, लेखक नाही. महेकच्या खात्यावरून तिथे ‘शांत’ दिलं आणि बंद पडला. उघडून पाहिलं तर एकेचाळीस वाचक. इतर पुस्तकांना एका वाचकाचा एक मूड असतो. इथे एकेकाच्या दिवसाला दहा-पंधरा ओळी, तारीख-वेळेसकट. आणि शेवटची ओळ सगळ्यांची तीच, ‘काही वाटत नाही’. त्यापुढे कुणाचीच नोंद नाही, दुसऱ्या कुठल्या पुस्तकावरही नाही. सहा चेहऱ्यांत असा मूडच नाही, म्हणून प्रोग्राम थांबला असणार.

सगळ्यांची म्हटलं खरं, पण एक वाचक वेगळी आहे. तिची शेवटची ओळ ‘हायसं वाटलं’, आणि खाली लिहिलंय, ‘सुचवलं: आदिनाथ’. तिचं नाव प्रेरणा. माझ्या आधी या खुर्चीवर होती तीही प्रेरणाच, कॉम्प्युटरवर अजून तिचं नाव येतं. सरांना दाखवलं. साइटचा घोळ आहे, म्हणाले, नको त्या ओळी गाळून टाक. मी प्रोग्राम बंद करून ठेवलाय.

१४ जानेवारी, बुधवार
मावशींनी तिळगूळ दिला. सहज विचारलं, आदिनाथ नावाचं कुणी ओळखीचं आहे का. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, आदिनाथ आबा हितंच माळीकाम करायचे. नोव्हेंबरात गेले. भरदुपारी झाडाला पाणी घालता घालता खाली बसले ते बसलेच, डॉक्टरला काय सापडलं न्हाई. आबांच्या फोनवर प्रेरणाने काहीतरी काढून दिलतं, ते पुस्तकांचं, म्हणून आबा सगळ्यांना हसून सांगायचे. तारीख विचारली. अठरा नोव्हेंबर.

त्या एकेचाळीस जणांत आदिनाथची शेवटची ओळ अठरा नोव्हेंबर, दुपारी एक वीस. ‘काही वाटत नाही’.

मग त्या पुस्तकावरचं महेकचं पान उघडलं. माझ्या प्रोग्रामने दिलेलं एक ‘शांत’ एवढंच असायला हवं होतं. एकोणीस ओळी आहेत. मला भीती वाटतेय, उगाच का होईना, पण वाटतेय.

१६ जानेवारी, शुक्रवार
आज पडताळून पाहिलं. अकरा वाजता महेकच्या पानावर ओळ होती, ‘११.१०, राग’. लगेच फोन केला तर ही खिदळतेय. सव्वाअकराला तिचाच फोन, नुसती फणफणत होती. अम्मीने तिचा नवा ड्रेस अब्बांच्या गिरणीच्या कपड्यांत धुवून त्याची पार वाट लावली.

म्हणजे ओळ आधी आली. राग नंतर.

१८ जानेवारी, रविवार
ओळी पुढे पुढे चालल्यात. उद्याच्या आहेत, परवाच्या आहेत. बुधवारी दुपारपर्यंत आहेत आणि मग संपतात.

२१ जानेवारी, ४.१०, ‘काही वाटत नाही’.

खातं पुसायला गेले, पुसलं जात नाही. साइटला तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही. सर फोनवर म्हणाले, शहिस्ता, दोन दिवस सुट्टी घे, तू थकलीस. एकोणीस वर्षांची आहे माझी बहीण. आणि हे मी केलंय. माझ्या हाताने, ओटीपी मागून.

१९ जानेवारी, सोमवार
प्रेरणाचा नंबर जुन्या फाइलमध्ये सापडला. मी नाव सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, किती दिवस राहिलेत. मग सांगितलं, पुस्तकाच्या पानावर तळाशी ‘सुचवा’ असं बटण आहे. दुसऱ्याचं नाव आणि नंबर टाकायचा, त्याच्याकडून ओटीपी घ्यायचा, की पहिल्याच्या पुढच्या ओळी जातात आणि दुसऱ्याच्या सुरू होतात. आबांचं विचारलं. तर म्हणाली, पहिले काही दिवस झोप लागत नाही. नंतर लागते.

तिनेच फोन ठेवला.

२० जानेवारी, मंगळवार
केलं. महेकच्या पानावरून माझं नाव सुचवलं. ओटीपी मलाच आला, मीच भरला. तिच्या पुढच्या सगळ्या ओळी एकदम गेल्या, खाली आलं, ‘सुचवलं: शहिस्ता’. मी ढसाढसा रडले. फोन केला तर म्हणते, आपा, सर्दी झालीय का तुला, अद्रकचा चहा घे.

माझं पान उघडलं. पहिली ओळ ‘आनंद’. खरंच आहे ते.

२१ जानेवारी, बुधवार
चार दहा झाले. चार पंधराही. महेक बोलतेय, नवीन ड्रेस हवाय तिला. घे म्हटलं, दोन घे.

२२ जानेवारी, गुरुवार
माझ्या ओळी उद्यापर्यंत आल्यात. भीती, भीती, भीती, भीती. पण शेवटी ‘काही वाटत नाही’ नाही! दहा वेळा पाहिलं. उद्या ११.४० ला ‘लाज’, ११.५२ ला ‘हायसं वाटलं’. बस. संपलं. मी वाचणार, या अल्लाह, मी वाचणार!

संध्याकाळ — आत्ता लक्षात आलं. प्रेरणाचीही शेवटची ओळ हीच होती.

नाही. मी असं करणार नाही. लिहून ठेवते, मी असं काही करणार नाही. मावशींना सांगितलं, उद्या येऊ नका.

२३ जानेवारी, शुक्रवार
९.०० — कॉम्प्युटरची वायर काढली. फोन कपाटात कुलूपबंद करून किल्ली गॅलरीतून खाली फेकली. दुपारी बारापर्यंत इथेच बसायचं. कुणी समोर आलं नाही तर कुणाचा नंबर मागणार?

१०.३० — मावशी आल्या. नको म्हटलं तरी आल्या. पोरीचं त्वांड उतरलंय, दोन दिस जेवली न्हाई, मला घरी बसवंना, म्हणाल्या. पिठलं-भाकरी आणलीय. ही किल्ली दारात पडलेली, म्हणून हातात दिली माझ्या.

११.१५ — कॉम्प्युटर लावला. फक्त बघायला. ओळी बदलल्या असतील तर —

नाहीत.

११.२५ — मी नाही केलं तर? मग ‘काही वाटत नाही’ माझ्या नावावर येणार. अम्मी मरेल. अब्बा — महेकला कळलं की मी तिच्यासाठी —

११.३१ — मावशींना वाचता येत नाही. एक अक्षर येत नाही. ज्याला वाचताच येत नाही त्याला पुस्तक काय करणार? काही नाही करणार. काही —

महेकने तरी कुठे वाचलं होतं.

११.४० — नंबर मागितला. ऑफिसचं काम आहे म्हटलं. मावशी म्हणाल्या, घे की, त्यात इचारायचं काय, तू काय परकी हायस? आपला नंबर पाठ आहे त्यांना. शरम वाटते. खूप वाटते. हात थांबत नाही.

११.४८ — ओटीपी आला त्यांना. अक्षरं येत नाहीत, आकडे येतात, नातीने शिकवलेत. फोन लांब धरून एकेक मोठ्याने वाचतायत, कसं जमतंय बघ म्हणतायत. मी इथेच उतरवून घेतेय. चार. शून्य. सात. थांब म्हणाल्या, चष्मा पुसतायत. सात. दोन —