हुबेहूब

५ नोव्हेंबर २००६, घाटंजी
पोचले एकदाची! यवतमाळला बस बदलताना चित्राच्या घोडीची आणि रंगांची पिशवी विसरता विसरता राहिली. घर छान आहे. वामनराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. ते आणि विमलताई दोघंच राहतात, म्हणून पुढची खोली मला भाड्यानं दिलीय. उद्यापासून शाळेत चित्रकला शिकवायची, सहा महिन्यांची बदली जागा आहे. खोलीला उत्तरेची खिडकी आहे. दोन वर्षांत माझ्या हातून एक धड चित्र उतरलेलं नाही, पण इथला उजेड बघून बोटं शिवशिवली. विमलताईंनी गरम भाकर वाढली आणि विचारलं, "भैरवी, माहं चित्र काढशीन का वं?" काढेन म्हटलं.

९ नोव्हेंबर
तांड्यावरची रामीबाई कापूस वेचायला जाताना आमच्या ओट्यावर घडीभर टेकते. यंदा कापसाला कोणी विचारत नाही, त्यामुळे वेचणीही रोज नसते. आज ती रिकामी होती, तिला बसवलं. इथली काळी माती चाळून, खलात घोटून जवसाच्या तेलात मळली होती. विकतच्या काळ्यात नसते अशी ऊब त्या रंगात आली. एरवी मी चेहऱ्यापासून सुरू करते आणि तिथंच अडते. आज बोंडांनी ओरखडलेली बोटं आधी काढली आणि त्या बोटांमागोमाग चेहरा आपसूक आला. हुबेहूब! खूप वर्षांनी रडले.

११ नोव्हेंबर
रामीबाई सकाळी येऊन बसली. म्हणे सुनेनं ताट वाढलं नाही, मुकादमानं हजेरी घेतली नाही. "बाई, मी कोनाले दिसूनच नाही राह्यली." मी हसले. घरात भांडण झालं असेल. दुपारी समोरच्या चहावाल्या देवीलालचं चित्र केलं. तोच मागे लागला होता. तेही तसंच उतरलं. हात आता थांबत नाही.

१३ नोव्हेंबर
देवीलालच्या टपरीवर गिऱ्हाइकं त्याच्या नावानं हाका मारत होती. तो भट्टीमागेच उभा होता, ओ देत होता. शेवटी लोक निघून गेले. मग तो येऊन रामीबाईशेजारी बसला.
विमलताईंनी ओटा धुवायला बादलीभर पाणी फेकलं. दोघं चिंब झाली. ताईंनी खराटा त्यांच्या पायांवरून फिरवला आणि मला विचारलं, "एकटीच काहून बोलून राह्यली वं?"

१६ नोव्हेंबर
ब्रश धुऊन ट्रंकेत टाकलेत. आता कोणाचंही चित्र काढायचं नाही. शाळेत मुलांना कमळ काढायला लावलं. ती दोघं ओट्यावरून हलत नाहीत. काही खात नाहीत. माझ्याकडे बघतात, कारण मीच त्यांना बघते.

१९ नोव्हेंबर
विमलताई खिडकीपाशी तांदूळ निवडत होत्या. गालावर उजेड, वाकलेली मान. आठ दिवस माझा हात उपाशी होता. त्यांना न सांगता काढलं.
मला माहीत होतं. हे वाक्य खोडणार नाही. मला माहीत होतं.
आजवरचं माझं सगळ्यात चांगलं चित्र.

२० नोव्हेंबर
वामनराव सकाळपासून घरभर हाका मारतायत. विमलताई त्यांच्या पुढ्यात उभ्या. "अहो, इथंच हाव ना मी." ताईंनी त्यांचा हात धरला. वामनरावांनी डास झटकावा तसा हात झटकला आणि मागच्या विहिरीत डोकावायला गेले. परत आले. मला विचारलं, ताई दिसल्या का. ताई माझ्याकडे बघत होत्या.
मी नाही म्हणाले.

२२ नोव्हेंबर
चित्रं खरवडली तर सुटतील असं वाटलं. पात्यानं देवीलालच्या ओठांवरचा रंग काढला. आता त्याला तोंड नाही. नुसती कातडी. पातं फेकून दिलं.

२४ नोव्हेंबर
तिघं खोलीत आलीत. दाराला टेकून बसतात. वामनराव पोलिसांत जाऊन आले, काही नाही. जेवत नाहीत. दोन ताटं वाढून बसतात.
ताई रडत नाहीत. त्याचीच भीती वाटते.

२६ नोव्हेंबर
ट्रंक उघडी. ब्रश रामीबाईच्या हातात. माती मळलेली— तिनं बघितलं होतं, सगळं बघितलं होतं मी कसं—
बोटांपासून सुरू केलंय. माझ्या बोटांपासून.

२७ नोव्हेंबर
शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी माझ्यापुढेच माझी गैरहजेरी मांडली. चित्र अजून अर्धंच आहे, म्हणून पुसट दिसत असेन, एका पोरीनं मान वळवली होती— मग तीही नाही. बसस्टँडवर गेले. कंडक्टर माझ्या अंगावरून चढला. नागपूरला माझ्या घरी जाऊन तरी कोणाला दिसणार—
परत आले. निदान ही तिघं बघतात.

२८ नोव्हेंबर
आता ब्रश ताईंकडे. डोळे काढतायत. विनवलं, पाया पडले. म्हणाल्या, "हालू नको."
छान काढतायत. मला कधीच जमलं नसतं इतकं—
वामनराव दारात आलेत. भाडेकरूही गेली, असं पुटपुटले. मी ओरडतेय. ताईही थांबून त्यांच्याकडे बघतायत. वामनरावांनी खिडकी ओढून घेतली. उजेड गेला. कडी लावतायत, बाहेरून, कुलूप, वामनराव मी इथं आहे, आम्ही सगळी इथंच