पुलावर थांबवलेली बस

दि. ३ ऑगस्ट
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. फोनवर माझाच आवाज मला परका वाटतो, म्हणून पत्र. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चालवून घे.

गेल्या सोमवारी सकाळी भर पुलावर मी बस थांबवली, हँडब्रेक ओढला, चावी काढली आणि खाली उतरून फूटपाथवर बसलो. चाळीस माणसं बसमध्ये. स्टिअरिंगवरचे हात माझे वाटेनात गं. वळत होते, बरोबरच वळत होते, पण मी नुसता बघत होतो. रस्ता कुणीतरी रंगवून टांगल्यासारखा. कंडक्टरने विचारलं, प्यायलायस का? तपासणीत काही निघालं नाही, तरी डेपोत मला आता सगळे टाळतात.

मार्चमध्ये उतारावर ब्रेक गेले होते, गिअर टाकत टाकत मी बस थांबवली होती, आठवतं? साहेबांनी पाठ थोपटली होती. हे तेव्हापासूनच चालू आहे. आणि खरी लाज पुढेच आहे. मुलगी येऊन गळ्यात पडते. ही माझी मुलगी, हे कळतं. वाटत मात्र काहीच नाही. मी खोटं हसतो. बापाने हे सांगायचं तरी कुणाला?

घरी सर्वांना नमस्कार. तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बाब्या

दि. ९ ऑगस्ट
चि. बाब्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. एकदा अक्षर लावायला, एकदा मजकुरासाठी. माझ्या कानावर यातलं काहीच आलं नव्हतं. तू दारूचा वाससुद्धा सहन न होणारा माणूस, लोकांना काय कळतंय!

बायकोला सांगितलंस का? नसेल तर आधी तिला सांग. आणि मनाच्या डॉक्टरकडे जा. पाय मोडला असता तर लपवून ठेवला असतास का? इकडे गणवेशांची मोठी ऑर्डर आहे, शिलाई विभागात मान वर करायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

जेवत जा. जीव टांगणीला लागला आहे.
तुझी,
ताई

दि. २४ ऑगस्ट
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तिला केव्हाचंच कळलं होतं, पण तिला वाटायचं की माझं मन तिच्यावरून उडालं. पाच महिने ती हे एकटीच गिळत होती. मान वर करवेना.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, हात खरंच दुसऱ्याचे आहेत असं वाटतं का? मी म्हटलं, माझेच आहेत हे कळतं, फक्त तसं वाटत नाही. त्या म्हणाल्या, हे कळतंय म्हणजे तुम्ही वेडे नाही. मग समजावलं. जिवावर बेततं तेव्हा मेंदूचा पुढचा भाग भीतीच्या केंद्राला दाबून धरतो, म्हणून त्या उतारावर माझे हात कापले नाहीत. पण नंतर ती पकड सुटलीच नाही, आणि भीतीबरोबर मायाही दाबली गेली. काळजाची धडधड, अंगाची ऊब यांची खबर घेणारा एक भाग असतो, तोही मंदावतो. डोळ्यांना सगळं दिसतं, पण ‘हे माझं’ अशी आतून साक्ष मिळत नाही. अजून पुरतं उलगडलेलं नाही, असंही त्या मोकळेपणाने म्हणाल्या. दर आठवड्याला बोलावलंय. तोवर डेपोत टायर तपासण्याचं काम.

कळलं, पण लाज गेली नाही. तेवढं समजून घे.
तुझा,
बाब्या

दि. ३० ऑगस्ट
चि. बाब्यास,
अ. उ. आ.

मी खोटं लिहिलं होतं. तुझं पहिलं पत्र येण्याआधीच मला माहीत होतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत एकीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. फूटपाथवर चावी धरून बसलेला तू, आणि खाली लिहिलेलं, ‘टाइट ड्रायव्हर’. सगळ्या हसल्या. मीही हसले. एवढंच नाही, अशांना कामावरून हाकलायला हवं, असं म्हणणारी मीच. तो माझा भाऊ आहे हे माझ्या तोंडून निघालं नाही.

काल डबे उघडायच्या आधी सगळ्याजणींना सांगितलं, तो माझा सख्खा पाठचा भाऊ. चाळीस जिवांना काही होऊ नये म्हणून त्याने बस थांबवली. पण हे तेव्हाच बोलायला हवं होतं. लहानपणी तुला कुणी बोट लावलं तर मी अंगावर धावून जायचे रे.

माफ कर असं कुठल्या तोंडाने लिहू?
ताई

दि. ५ सप्टेंबर
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तो व्हिडिओ मीही पाहिला होता. हा बसलाय तो कोण, असंच मलाही वाटलं होतं. मीच त्याला ओळख दिली नाही, तर तुला काय बोलू?

असं समजूतदारपणे लिहायचं ठरवून बसलो होतो. पण तुझं पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा कान तापले, छाती धडधडायला लागली, हात थरथरले. राग आला गं तुझा, सणसणीत राग! पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी माझंच, माझ्या आत. बायकोला ओरडून सांगितलं की मला ताईचा राग आलाय. ती धावत आली आणि माझा हात धरून रडायलाच लागली. मुलगी दोघांकडे बघत राहिली.

संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा सपाट झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच थोडं थोडं परतेल.

रविवारी ये. समोर बसवून तुझ्याशी भांडायचं आहे. लोभ आहेच, सध्या रागही राहू दे.
तुझाच,
बाब्या