चढावरचं अडखळणं

ताम्हिणी, आषाढ वद्य षष्ठी, १९९९

आमच्या जुन्या पिकअपने आज पुन्हा माझी अब्रू घेतली. पौडला मेकॅनिकसमोर ती निर्दोष चालली. हिचं अडखळणं ब्रह्मासारखं, अनुभवता येतं, दाखवता येत नाही. फिल्टर बदलून झाला, टाकीतलं पाणी काढून झालं. शेवटी दत्तू मेकॅनिकने हात झटकले. "गुरुजी, गाडीला काय बी झालं न्हाई. चढाला तुमीच घाबरताय."

येताना चढावर परत तेच. ॲक्सिलरेटर दाबलेला, आणि गाडी क्षणभर मेलेली. आता बदलायचं तरी काय?

घाबरतोच मी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेकीला पुण्यातल्या हॉस्पिटलशेजारच्या घरातून इथे आणलं. नववा लागलाय. कळा सुरू झाल्या तर न्यायला एवढी एकच गाडी आहे, आणि तिच्यावर माझा भरवसा उरलेला नाही.