अंदाज तुझा, काटा माझा

प्रिय माय,

तू गेल्याला दहा महिने झाले. इतक्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले ती रागाने. हो, रागानेच! गेलेल्या माणसावर रागावू नये हे मलाही कळतं. पण दुसरं काही सुचतच नाही, काय करू?

आज दुपारी बाबांनी तुझी मासोळीची टोपली माळ्यावरून खाली काढली. उद्यापासून मूल गावच्या बाजारात तुझ्या जागेवर शांताकाकू बसणार आहे, तिला तुझा तराजू हवा होता. टोपलीत तराजू होता, वजनं होती आणि तळाशी प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेली आपली वही होती. शब्दांची वही! तू गेल्यावर मी तिच्यासाठी सगळं घर पालथं घातलं होतं, शेवटी समजले की गेली कुठेतरी रद्दीत. आणि ती तुझ्या टोपलीत! उघडली, चाळली, शेवटच्या पानावर आले आणि तेव्हापासून डोकं बंद पडलंय माझं. काऊन व माय? काऊन चूप राह्यली तू?

थांब, नीट सांगते. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता माझी मराठीपण पुस्तकी झाली. तू हसायचीस ना, "पाह्य व, पोट्टी पुण्याची होऊन राह्यली!" पण राग आला की आपोआप तुझी बोली येते तोंडात.

तुला दहावीत इंग्रजीने पाडलं होतं. बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत आपटलीस, मग लग्न, मग बाबा तळ्यात जाळं टाकणार आणि तू बाजारात टोपली घेऊन बसणार. पण तुझी ती इंग्रजीवरची खुन्नस काही गेली नाही. मासोळी पळसाच्या पानात बांधायची आणि पान कागदात. तो कागद सिंदेवाहीच्या साहेब लोकांच्या घरची रद्दी असायचा, सगळी इंग्रजी पेपरं. गिऱ्हाईक नसलं की तू त्याच कागदांचे तुकडे वाचत बसायचीस. बाजूच्या बाया हसायच्या तुला. हसू दे म्हणायचीस.

संध्याकाळी घरी आलीस की हात धुवायच्या आधी पदरातून तुकडा काढायचीस. कागदाला मासोळीचा वास! मी आठवीत होते. शब्द दिसला की डिक्शनरीकडे धावायचे, तर तू मनगट धरायचीस माझं.

"थांब ना व! काट्यावर टाकाच्या आधी हातात घेऊन पाहाव लागते."

बाजारात तू तेच करायचीस. मरळ हातात घेऊन म्हणायचीस, सव्वा किलो. मग तराजूत टाकायचीस. बहुतेक वेळा सव्वाच भरायची. "अंदाज माझा, काटा तुझा," तू म्हणालीस आणि वही सुरू झाली. तीन रकाने. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात तुझा अंदाज, पेन्सिलीने. तिसऱ्यात मी डिक्शनरीत पाहून सांगेन तो अर्थ, पेनने. अंदाज बरोबर आला तर पेन्सिलीपुढे बरोबरची खूण, चुकला तर त्याच्यावर एक रेघ. रविवारी पान पुरं करायचं. एकही ओळ खुणेशिवाय सोडायची नाही हा तुझाच कायदा.

"पण अंदाज लावायचा कसा?" मी विचारलं होतं. आठवतं तुला?

"बाजारात अनोळखी माणूस आला तं त्यालेच कोणी विचारते का, तू कोण म्हणून? त्याच्या बाजूच्याले विचारते. शब्दाचंही तसंच हाय. मागं कोण बसला, पुढं कोण बसला, ते पाह्य."

माय, मी बी.एड. केलं तिथे हीच गोष्ट एका जाड पुस्तकात दहा पानं भरून होती! तू दोन वाक्यांत सांगितली होतीस, तेही झिंगे निवडता निवडता.

तुझे अंदाज तरी कसे एकेक! 'रिलक्टंट'. तुकड्यात एका साक्षीदाराची बातमी होती. कोर्टाने तीनदा बोलावलं तरी येईना, शेवटी पोलीस घेऊन आले. तू लिहिलंस, "मनात नसून आलेला. तुझे बाबा माझ्या माहेरी येतात तसा." बरोबरची खूण! बाबा दोन दिवस फुगून बसले होते.

'मीगर' वरून तर आपलं भांडणच झालं. बातमीत एका रोजंदारी माणसाचा पगार मीगर होता आणि घरात खाणारी सहा तोंडं. तुझा अंदाज, "अर्धपोटी." मी म्हणाले, चूक, तुटपुंजा. तू रेघ मारायला तयारच नाही. "माझा अर्थ तुझ्या पुस्तकाहून चांगला हाय," म्हणालीस. शेवटी दोघींनी मिळून अर्धी खूण केली, वहीत ती तशीच आहे अजून.

आणि 'आयसोलेटेड'. भामरागडकडच्या पुराची बातमी, पूल पाण्याखाली, गावं बरेच दिवस आयसोलेटेड. तू लिहिलंस, "भिजलेली." चुकलीस. मी अर्थ सांगितला, आजूबाजूशी संबंध तुटलेली, एकटी पडलेली. तू स्वतः रेघ मारलीस आणि कितीतरी वेळ पेन्सिल हातात घेऊन बसलीस. "बापा, भिजणं परवडलं," म्हणालीस. आज ते पान पाहून हसू आलं नाही मला.

या वहीच्या जोरावर मी शिकले. बारावीच्या पेपरात न पाहिलेला उतारा आला की बाकीच्या पोट्ट्या घाबरायच्या आणि मी शब्दाचे शेजारी शोधत बसायचे. नोकरीच्या परीक्षेतही तेच. सिंदेवाहीच्या शाळेत इंग्रजीची मॅडम म्हणून लागले तेव्हा तू बाजारात सगळ्यांना फुकट झिंगे वाटलेस!

आता त्या दिवसाचं बोलू. चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या दिवसाचं.

डॉक्टरांनी तुला बाहेर बसवलं आणि मला आत सगळं समजावलं. कॅन्सर, पसरलेला, फार तर सहा महिने. बाहेर आले तेव्हा तू बाकावर बसून दुसऱ्या बाईला शेंगदाणे देत होतीस. मी म्हणाले, "अल्सर आहे, होईल बरं." बाबांना मात्र घरी आल्यावर गुरांच्या कोठ्यात नेऊन खरं सांगितलं. मी काही वाईट केलं का? सगळेच असं करतात ना?

मूलच्या बसमध्ये फाईल तुझ्या मांडीवर होती. तू ती उघडलीस आणि एका शब्दावर बोट ठेवलंस. "शालू, हा कोणता शब्द व?"

प्रोग्नोसिस.

मी म्हणाले, "प्रोग्नोसिस म्हणजे पथ्य. काय खायचं, काय नाही ते."

"हो का," तू म्हणालीस आणि खिडकीबाहेर पाहायला लागलीस.

आज कळतंय की तिथेच मला शंका यायला हवी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू अंदाज न सांगता सरळ अर्थ विचारला होतास! तू! पण मी आपली सुटले म्हणून खूश.

आणि पथ्य म्हटलं म्हणून पथ्य तयार करावं लागलं. तेल नाही, तिखट नाही, मासोळी नाही. मासोळी काऊन म्हटलं असेल मी, देव जाणे. तोंडाला आलं ते बोलले. आणि तू, जन्मभर मासोळी विकलेली बाई, त्या दिवसापासून मासोळीला शिवली नाहीस. रोज घरात मासोळी यायची, बाबा खायचे, मी खायचे आणि तू मुगाचं पाणी प्यायचीस. एकदाच, एकदाच तू विचारलंस, "शालू, मरळीचा रस्सा बोटभर चाटला तं चालन का?"

मी नाही म्हणाले. "पथ्य म्हणजे पथ्य, माय." वर्गातल्या पोरांना ओरडते तशी ओरडले वर. तेव्हा वाटलं, आता हो म्हटलं तर तुला कळेल की पथ्यबिथ्य काही नाही, आणि मग बाकीचंही कळेल. माझं खोटं टिकावं म्हणून तुझ्या ताटातली मासोळी काढली मी. तू गेल्यावर आता लाज वाटून काय उपयोग?

तर ते शेवटचं पान. त्यावर एकच ओळ आहे.

पहिल्या रकान्यात, प्रोग्नोसिस. तिसऱ्या रकान्यात, पेनने, "पथ्य. शालूनं सांगतलं." आणि मधल्या रकान्यात, पेन्सिलीने, "जे पोरीले सांगतलं अन् मले नाई सांगतलं ते."

मी धावत जाऊन फाईल काढली, माय. डॉक्टरांनी लिहिलेलं अख्खं वाक्य आज पहिल्यांदा तुझ्या डोळ्यांनी वाचलं. प्रोग्नोसिस एक्सप्लेन्ड टू डॉटर. एक्सप्लेन, म्हणजे समजावून सांगा, तुला माझ्या प्रश्नपत्रिकांमुळे पाठ होता. डॉटर तर कोणालाही येतो. मागचा कोण, पुढचा कोण, ते पाहिलंस आणि बरोबर धरलंस!

पण मग पेनने माझं खोटं काऊन लिहिलंस? त्या ओळीपुढे ना बरोबरची खूण, ना रेघ. सगळ्या वहीत तेवढी एकच ओळ तशी आहे. विसरलीस? तू आणि विसरणार? की ताकद नव्हती हातात? की माझ्यासाठी ठेवलीस?

मी बाबांना विचारलं. "बाबा, मायला माहीत होतं का?" ते तराजूची साखळी पुसत होते. म्हणाले, "मले का माहीत? मी तं तिले म्हणलं होतं, खा ना व थोडीशी, पोट्टी शाळेत गेली हाय, कोण पाह्यते इथी? तं म्हणे, पोट्टीनं सांगतलं हाय. पोट्टीचा काटा खोटा नसते."

आता याचा काय अर्थ लावू मी? तुझा माझ्यावर विश्वास होता, म्हणून मासोळी सोडलीस? मग ती पेन्सिल? आणि तुला सगळं माहीत होतं, तर मग ते मुगाचं पाणी कोणासाठी पीत होतीस? माझ्यासाठी? मला वाईट वाटू नये म्हणून? मग रस्सा का मागितलास? मी खरं बोलते का, ते पाहायला? एक दार उघडून दिलं होतंस का मला आणि मी ते धाडकन लावलं? तुझीच रीत लावून पाहते आहे दुपारपासून, मागं काय झालं, पुढं काय झालं. एकदा वाटतं तुला माहीत होतं, एकदा वाटतं नव्हतं. दोन्ही अर्थ बसतात आणि दोन्हीत मला रडू येतं.

राग याचा येतो की आपण दोघी एका घरात, एका चुलीपुढे, सगळं जाणून बसलो होतो आणि एकमेकींशी पथ्याचं बोलत होतो. मी रात्री मोरीत नळ सोडून रडायचे. तू कुठी रडली व माय? का आयसोलेटेड होऊन बसली होती तू, आपल्याच घरात, मी बाजूले असून?

बाजारात कोणी काटा मारला तर तू चार बायांसमोर त्याची लाज काढायचीस. एवढंसं वजन कमी भरलं तर वर एक झिंगा टाकायचीस. आणि घरात तुझ्या पोरीनं काटा मारला, तो तू पेनने लिहून घेतलास. एक शब्द बोलली नाहीस.

शांताकाकू आत्ता येऊन तराजू घेऊन गेली. वही मात्र मी ठेवून घेतली. पेन हातात आहे. कितीतरी वेळ हातातच आहे, कारण खूण केली की मान्य केलं असं होतं ना.

केली, माय. तुझ्या पेन्सिलीपुढे बरोबरची खूण केली. माझ्या 'पथ्य'वर रेघ मारली, जोरात, पान फाटलं थोडं. आणि खाली खरा अर्थ लिहिला, जो मी बसमध्ये सांगायला हवा होता. पुढे काय होणार आहे ते. रविवार नाही आज, पण तुझं पान पुरं झालं.

आता एक वचन देते. पुन्हा कधी कोणी माझ्यासमोर शब्दावर बोट ठेवलं, वर्गातली पोरगी असो की बाबा असोत, तर मी आधी विचारीन, तुले काय वाटते? आणि मग खरं तेच सांगीन, तोंडातून शब्द निघत नसला तरी.

आणि पितरांचे दिवस येतीलच आता. अविधवा नवमीला तुझं पान वाढीन. शांताकाकू ओरडेल, पितरांच्या पानावर कोणी मासोळी ठेवते का म्हणून. ओरडू दे! बाबांना सांगितलंय, तळ्यातली चांगली मरळ पाहिजे, सव्वा किलोची, हातात घेऊन अंदाज करूनच आणा. रस्सा मी करीन, तू करायचीस तसा, लाल, तेल वर आलेला.

पथ्य काहीच नव्हतं, माय. पोटभर खा.

तुझी पोट्टी,
शालू