निळ्या दगडाची पूड

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा एका अमेरिकन चित्रकारासमोर मी अगदी तुमच्यासारखी उभी राहिले. मान तिरकी, ओठ मिटलेले, समोरचा काहीतरी लपवतोय अशी मनातून खात्री. तुमच्या नातीनंच मला त्याच्या प्रदर्शनाला नेलं होतं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती इथे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि मी सहा महिन्यांसाठी तिच्याकडे आलेय. शनिवार-रविवार ती घरी नसते. जवळच्या युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकवणाऱ्या या माणसाच्या स्टुडिओत जाऊन दगड कुटते. हो, दगड. तो जपानात राहून शिकून आलाय. खनिजं कुटायची, त्यांची पूड कातड्यापासून केलेल्या सरसात कालवायची आणि तिथल्या जुन्या पद्धतीनं चित्रं रंगवायची. तिला नोकरी सोडून त्याच्याकडे पूर्णवेळ शिकायचंय, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा घ्यायचा आणि ग्रीन कार्डाची अर्ध्यावर आलेली फाइल बंद करायची. तिच्या ऑफिसातली कामं आता पुण्याला चाललीयेत हे खरं, पण म्हणून कुणी खलबत्ता घेऊन बसतं का? या माणसाला फुकटचे हात हवे असणार, असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

तुमच्या दवाखान्यामागची खोली मला अजून दिसते. मी कॉन्व्हेंटातून येते, पांढरे मोजेसुद्धा काढलेले नसतात, आणि तुम्ही खलातलं प्रवाळ माझ्या बोटावर ठेवता. "घास." मी अंगठ्यानं घासते. "झटक." मी झटकते. पूड बोटाच्या रेघांत बसून राहिली तर औषध झालं. खरखर लागली तर पुन्हा गुलाबपाणी आणि पुन्हा घोटणं. एकदा मी बाजारातल्या बाटलीवरचं इंग्रजी लेबल ऐटीत वाचून दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "लेबल वाचायला तुझ्या सिस्टर आहेत. बोट काय म्हणतं ते सांग." शाळेत सिस्टर शंकेला पाप मानायच्या आणि घरी तुम्ही शंका घेतल्याशिवाय पुडी बांधत नव्हतात. मी दोन्हीकडे मान डोलवत मोठी झाले.

प्रदर्शनात भिंतीवर मोठमोठी चित्रं होती. पाणी, धुकं, एक झाड. दुरून साधी वाटत, जवळ गेलं की साखर सांडल्यासारखी चमकत. मी मनात म्हटलं, यात काच मिसळलीय. टेबलावर तो रंग करून दाखवत होता. एका ओळीत पांढऱ्या बश्या, त्यांत निळी पूड, एका टोकाला गडद, दुसऱ्या टोकाला फिकी. तो लोकांशी बोलण्यात गुंतला आणि मी गडद बशीतली चिमूट उचलून बोटांत घासली.

"आई, प्लीज, हात नको लावूस ना."

खरखर लागली. झटकली तर सगळी पूड गळून गेली, रेघा कोऱ्याच. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मी त्याला माझ्या शाळेतल्या इंग्रजीत म्हटलं, "हे कच्चं आहे. पुरतं घोटलेलंच नाही."

तो हसला. त्यानं मला ओलं फडकं दिलं आणि शेवटच्या, जवळजवळ पांढऱ्या बशीकडे बोट दाखवलं. "मॅम, तोही हाच दगड आहे. पुरता घोटला की असा होतो. निळा हवा असेल तर मला आधीच थांबावं लागतं." मग माझ्या मुलीकडे बघून म्हणाला, "हिलाही थांबता येत नव्हतं. माझा चांगला दगड हिनं पिठासारखा करून ठेवला होता. अजून पूड बोटांत घासून बघते. विचारलं की म्हणते, आमच्याकडे असंच बघतात."

मी तिच्या हातात कधी खल दिलेला नाही, अण्णा. वेलदोड्याची पूड मी बोटांत घासून बघते, तेवढंच तिनं पाहिलं असेल. तिनं बशी जवळ ओढली, कोमट सरसाचे थेंब टाकले आणि मधल्या बोटानं ती पूड मळू लागली. मी तिच्या शेजारी उभी आहे हे ती विसरून गेली होती.

परत येताना गाडीत म्हणाली, "आई, मी रिझाइन केलंय. शुक्रवारीच."

"मग मला कशाला नेलंस?"

"तू बघावंस म्हणून. परमिशनसाठी नाही."

तो माणूस मला अजूनही पुरता पटलेला नाही. फार गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्याकडून तुम्ही हिरडासुद्धा घेत नव्हतात. मी तिला म्हटलं, "आधी विचारायला हवं होतंस," आणि दोन दिवस धड बोलले नाही. आता ती अंघोळीला गेलीय आणि मी तिच्या प्रिंटरमधला कागद घेऊन हे लिहितेय. तिला दाखवणार नाही, आणि तुमच्याकडे पाठवायची तर सोयच नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तिनं विचारलं नाही, तेव्हा मी सुटले. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, आणि ती माझं ऐकते.