पाण्याखालच्या गावातली करकर

मंगळवार, संध्याकाळ. कार्ले.

अजून अंगावर काटा आहे. पॉडकास्टच्या या वेळच्या गोष्टीत धरणात बुडालेलं एक गाव आहे, आणि तळाशी माणसं अजून नांदतायत. सगळं माझ्या मनचं. भाताच्या पोत्यांच्या खोलीत रेकॉर्ड केली, तिथे आवाज घुमत नाही. पण मधेच दाराची बिजागरी करकरली! कापायचं राहिलं म्हणून स्वतःवरच चिडले होते.

तेवढ्यात दूध घालायला कोंडामावशी आल्या. त्यांचं माहेर धरणात गेलंय, मला माहीत होतं. तरी त्यांनाच का ऐकवली? हेडफोन मीच त्यांच्या कानांवर चढवले.

करकर आली तशा त्या ताठ झाल्या. "ह्यो आमच्या हिरीचा रहाट. तुला कुटं गावला गं?"

बिजागरी आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. सांगवेना. सांगायला हवं होतं का? दोन वर्षं गोष्टी रचतेय, पण गंजक्या बिजागरीनं आज जे केलं ते मला कधी जमलं नव्हतं.

गोष्ट संपली. मावशींनी हेडफोन काढलेच नाहीत. डोळे मिटूनच म्हणाल्या, "परत लाव. माजी घागर अजून भरली न्हाई."