मुकादमाला कोण उठवणार

मी, खाली सही करणारा, धंद्याने रंगारी (त्याआधी थोडा सुतार, थोडा ड्रायव्हर, एक हिवाळा बेकरीवाला), पूर्ण शुद्धीत आणि चहा पिऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. कुणाची जबरदस्ती नाही. ठेकेदार एवढंच म्हणाला, "दोन साक्षीदारांसकट लिहून आण, नाहीतर कारखान्याचं धुरांडं रंगवायला दोर बांधायचा नाही." ह्याला जबरदस्ती म्हणायचं का, ते वकिलांनी बघावं.

१. स्थावर मालमत्ता नाही. जंगम मालमत्तेत सर्वांत जंगम मीच, आणि मीच नसेन. तेव्हा पुढे.

२. सायकल ताईला द्यावी. ब्रेक फक्त मागचा लागतो, हे तिला बसायच्या आधी सांगावं. जाड ब्रश ठेकेदाराला. पातळ ब्रश त्याला अजिबात देऊ नयेत, कारण माझा हरवलेला निळा डबा त्याच्या घराच्या गेटवर सापडला. गेट छान दिसतं, ते वेगळं.

३. आता मूळ मुद्दा. माझा कुत्रा मुकादम. मी राबतो, तो बसून बघतो, म्हणून हे नाव. मी रंगवलेल्या एका गोदामाच्या ओल्या दाराला टेकून बसला, महिनाभर हिरवा होता, तेव्हापासून सोबत आहे. शाळेत मी टिकलो नाही, त्यामुळे उरलेलं शिक्षण त्याच्याकडे झालं. झोपण्याआधी तो जागेवर गोल फिरून खात्री करतो. मीही दोराची गाठ तशीच सगळीकडून बघतो. त्याच्यावर ओरडलं तर कोपऱ्यात जातो, बिस्किटाचा पुडा वाजला की परत येतो, आणि मधलं सगळं खरंच विसरलेला असतो. हा धडा माझा अजून कच्चा आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला "अर्धवट टाकून पळणारा" म्हणाले त्याला काही वर्षं झाली, तरी कुठल्या सुरात म्हणाले तेही मी करून दाखवू शकतो.

४. अडचण अशी की मी दोरावर असेपर्यंत मुकादम खाली बसून वर बघत राहतो. पाणीसुद्धा पीत नाही. मी उतरून शीळ घातली की मगच उठतो. उद्या मी उतरलोच नाही, तर त्याला कोण उठवणार? ताईने एकदा गोंजारून पाहिलं. ठेकेदाराने ओढून पाहिलं. त्याच्या बाहीला ठिगळ आहे. ती शीळ मी अण्णांची उचलली आहे. रंधा मारताना ते दातांतून घालतात, तीच. आम्हा दोघांशिवाय ती कुणाला येत नाही. सबब, मुकादम अण्णांना द्यावा. दारात कुत्रं नको हे त्यांचं म्हणणं मला पाठ आहे.

५. त्यांच्या सुतारकामाच्या दुकानात पडलेलं माझं तीन पायांचं स्टूल (चार करायचे होते) तिथेच राहू द्यावं. मुकादमाला सावली होईल.

साक्षीदारांबद्दल खुलासा: सहीसाठी आज अण्णांच्या दुकानात आलो. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. वाचता वाचता सवयीने शीळ घातली. मुकादम माझ्याजवळून उठला आणि त्यांच्या पायाशी लाकडाच्या भुशात जाऊन पडला. अण्णांनी पाय मागे घेतला नाही.

"इथे करा सही, अण्णा. साक्षीदार म्हणून."

"मी नाही करणार."

"का?"

"ज्याला काही मिळणार असतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. एवढंही ठाऊक नाही, आणि निघाला मृत्युपत्र करायला!"

"मग कुत्रा खोडू का?"

"शेजारच्या सलूनवाल्याला हाक मार."

सही: रंगारी

साक्षीदार: १. सलूनवाला (एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी ठेवून आला)
२. तेच गिऱ्हाईक

ठिकाण: अण्णांचं दुकान, रंध्याजवळ
दिनांक: धुरांड्यावर चढायच्या आदला दिवस

समासात, अण्णांच्या अक्षरात: कुत्रं उद्या संध्याकाळपर्यंतच सांभाळीन. ज्याचं आहे त्याने येऊन घेऊन जावं. स्टुलाचा चौथा पाय कापून ठेवला आहे, तो बसवूनच जावं.